घराला कुणाचा हात लावावा?

मधे बरेच महिने काही लिहिले नाही. दोघा-तिघांनी फोन करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. आजारी होते ते घर.

आमचे पिंपळगाव रेणुकाईचे घर आपल्यापैकी नातेवाइकांनी पाहिलेले आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भोकरदन तालुक्यातले हे गाव. मिरचीच्या हंगामात गावात शिरलात तर घर सापडण्याआधी ठसका लागतो. घर माळवदाचे. पुढे ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, भिंतीत देवळ्या आणि धान्याची बळदे. भिंती दगड-मातीच्या, अडीच हात रुंद. छताला सागवानी खण, त्यावर किलचण, त्यावर पाला आणि त्यावर पांढरी माती. ढाळजेच्या मुख्य तुळईवर ‘फसली १३४१’ असे कोरलेले आहे. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सरकारी दफ्तरात फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे घर १९३१-३२ चे. आमच्या आजोबांनी बांधलेले.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास चार दिवस झड लागली. छत ठिबकत होते म्हणून मी माझी खाट ओसरीच्या कोपऱ्यातून ओढून माजघरात नेली. पहाटे धप्प असा आवाज झाला. कंदील नव्हे, आता मोबाइलचा उजेड पाडून पाहिले, तर ओसरीचा तो कोपरा खाली आला होता. जिथे माझी उशी असते तिथे गुडघाभर चिखल आणि मोडकी किलचण. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि सकाळी धाकट्या भावाला म्हणाल्या, “भाऊजी, आता काय ते ठरवा.”

आम्ही तिघे भाऊ. मधला जालन्याला, धाकटा गावातच शेती पाहतो. मुले पुण्याला आणि छत्रपती संभाजीनगरला (माझ्या तोंडात अजून औरंगाबादच येते). दसऱ्याला सगळे जमले. मुलांचे म्हणणे, “पाडा नि स्लॅबचं बांधा.” मधला म्हणाला, “दादा, माळवदाचे दिवस गेले.” माझे म्हणणे, घराला धक्का लावायचा नाही, पडले तेवढेच दुरुस्त करायचे. धाकटी वहिनी चहा देता देता म्हणाली, “तुमचं ठरलं की सांगा. मला चौकातलं ऊन राहू द्या आणि भांडी घासायला वाकावं लागू नये एवढं करा.” त्या बैठकीत कामाचे बोलणे तेवढे एकच झाले, हे मला पुढे सहा महिन्यांनी कळले.

प्रश्न असा पडला, की घराला हात कुणाचा लावावा? गावातला मिस्त्री माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, “सर, नकाशाला पैशे काहून घालता? म्या बांधतो ना.” मुलांच्या ओळखीतून शहरातल्या एकाने फोटोंवरूनच रंगीत नकाशा मोबाइलवर धाडला. दिसायला झकास. मागे जास्वंदी, पुढे मोटार. पण मोटार जिथे उभी होती तिथे आमचा आड आहे! त्याने गाव पाहिले नव्हते, घर पाहिले नव्हते. त्याला नाव ठेवत नाही. आम्हीच तसे सांगितले होते.

आता माझी खोड अशी, की कुठलाही प्रश्न पडला की आधी इतिहासात डोकावायचे. आपल्या भागात इमारती कमी आहेत का? त्या बांधणाऱ्यांनी आपला कारागीर कसा निवडला असेल?

वेरूळचे कैलास लेणे घ्या. ते राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले मानतात. बडोद्याला सापडलेल्या कर्काच्या ताम्रपटात त्याचे वर्णन आहे. हा ताम्रपट इसवी सन ८१२ चा. त्यात अशा अर्थाचे म्हटले आहे, की ज्याने हे केले तो शिल्पी स्वतःच थक्क झाला आणि आपल्याला हे पुन्हा जमेल का असे त्याला वाटले. गंमत पाहा, कारागिराचा अचंबा नोंदला, पण त्याचे नाव मात्र ताम्रपटाने दिले नाही.

बीबी का मकबरा सहलीला दरवर्षी दाखवायचो. त्याच्या दारावरच्या पितळी पत्र्यावर दोन नावे आहेत, वास्तुरचनाकार अताउल्ला आणि इंजिनिअर हंसपत राय. काम १६६१ च्या सुमारास पुरे झाले. अताउल्ला म्हणजे ज्याने ताजमहालाची रचना केली असे मानतात त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे तेव्हाही बापाचे काम पाहून मुलाला बोलावणे होतेच. मुले दरवर्षी विचारायची, “सर, मग हा ताजमहालासारखा का नाही?” मी तोंडपाठ उत्तर द्यायचो. खरे उत्तर हिशेबात आहे. मकबऱ्याला सात लाख रुपये मंजूर झाले आणि ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च झाले, अशी जुनी नोंद सांगतात. ताजला याच्या कितीतरी पट पैसा लागला. म्हणून मकबऱ्याला संगमरवर घुमटाला आणि खालच्या थोड्या भागाला आणि बाकी चुन्याचा गिलावा. कारागीर ताजच्याच घराण्यातला असला तरी थैलीचे तोंड मालकाच्या हातात असते. अंदाजपत्रकाच्या आत काम करून दाखवणारा अताउल्ला मला अलीकडे फार थोर वाटू लागला आहे!

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीचे नाव आहे ते आपण सर्वांनी वाचले आहे. कुणी इंदुलकर वाचतात, कुणी इटळकर. गड बांधणाऱ्याने आपले नाव भिंतीवर मिरवले नाही, पायरीवर घातले.

आणि आपल्याच जुन्या राज्यातली एक गोष्ट. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाची इमारत बांधायची ठरली तेव्हा १९३० च्या सुमारास निजाम सरकारने सय्यद अली रझा आणि झैन यार जंग या दोघांना देशोदेशीची विद्यापीठे पाहायला पाठवले. हिंडता हिंडता इजिप्तमध्ये काम करणारा अर्नेस्ट जॅस्पर हा बेल्जियन वास्तुरचनाकार त्यांना पसंत पडला. त्याने नकाशे केले, पुढचे काम झैन यार जंग यांनी पाहिले आणि आर्ट्स कॉलेजची इमारत १९३९ मध्ये खुली झाली. तिचे खांब पाहताना मला वेरूळ आठवते आणि कमानी पाहताना मशीद. म्हणजे ज्या दशकात आमच्या आजोबांनी गावच्या सुताराला सुपारी देऊन घराला बोलावले, त्याच दशकात त्यांच्या राजाने जगभर माणसे पाठवून वास्तुरचनाकार शोधला. आजोबांना आर्किटेक्ट हा शब्दही माहीत नसेल. सुतार गावचा बलुतेदार, दगड फोडणारे वडार, भिंतीला गवंडी. नकाशा सुताराच्या डोक्यात आणि मोजमाप त्याच्या हातातल्या काठीवर.

हा आर्किटेक्ट आपल्याकडे आला कुठून? मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. तिथे वास्तुकलेचा रीतसर अभ्यासक्रम १९१३ मध्ये आला. त्यातून तयार झालेल्या मंडळींच्या संघटनेला १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव मिळाले. पण ही मुंबईची हवा. पुणे-नाशिकच्या मध्यमवर्गीयाला हे परवडणारे नव्हते. त्याच्यासाठी रा. श्री. देशपांडे नावाच्या इंजिनिअरांनी १९३० च्या दशकात पुस्तके लिहिली. मध्यमवर्गाच्या स्वस्त, आरोग्यदायी घरांवर एक, भारतासाठी आधुनिक आदर्श घरे या विषयावर १९३९ मध्ये आणखी एक, आणि मराठीतही. आपण शिक्षकांनी गाइड वापरावे तसे कैक लोकांनी ते नकाशे पुढ्यात घेऊन बंगले बांधले असणार.

मग १९७२ मध्ये वास्तुविशारदांचा कायदा झाला. त्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असलेल्यालाच स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येते. बारकावा असा, की कायदा नावाचे रक्षण करतो, कामाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हेच स्पष्ट केले. नकाशा दुसऱ्यानेही काढला तर या कायद्याने गुन्हा होत नाही, पण पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहिणाऱ्याकडे नोंदणी हवी. ती कौन्सिलच्या यादीत घरबसल्या तपासता येते. हे ज्याला घर बांधायचे आहे त्याने वहीत लिहून ठेवावे.

इथपर्यंत माझा इतिहास छान चालला होता. कैलास, मकबरा, रायगड. पण एक इतिहास मी मुद्दाम टाळत होतो. तो माझ्याच आयुष्यातला होता.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली गावेच्या गावे बसली. आठ-दहा हजारांच्या घरात माणसे गेली. आमच्या शाळेतल्या मुलांनी धान्य, कपडे जमवले आणि आम्ही चार शिक्षक टेम्पो घेऊन गेलो होतो. तिथे जे पाहिले ते इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो, की भूकंप जगातला फार मोठा नव्हता. यापेक्षा मोठ्या धक्क्यांत कमी माणसे गेलेली आहेत. माणसे मारली ती घरांनी. दगड-मातीच्या रुंद भिंती, त्यावर माळवदाचा बोजा. अगदी आमच्यासारखी घरे.

भिंत रुंद म्हणून ती भक्कम, असे आपण समजतो. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरचा एक पापुद्रा, आतला एक पापुद्रा आणि मधे चिपा नि माती. दोन्ही पापुद्र्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसेल तर हादरा बसताच बाहेरचा पापुद्रा बाहेर आणि आतला आत पडतो. आणि वरून माती येते. तिथल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मला हे पडक्या भिंतीवर हात ठेवून समजावले होते. मी ते परत येऊन नववीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आणि पुढच्या वर्षी मृगाच्या आधी, रिवाजाप्रमाणे, स्वतःच्या माळवदावर दोन गाड्या नवी माती टाकली.

हे मला त्या पहाटे खाटेच्या जागी चिखल पाहिला तेव्हा आठवले. तीस वर्षे मी किल्लारी शिकवत होतो आणि तिच्याच खाली झोपत होतो.

असो. शेवटी पुतण्याच्या ओळखीने एक आर्किटेक्ट बाई सापडल्या. वय पस्तिशीचे असेल. पहिल्या भेटीची फी आधी सांगितली आणि स्वतः आल्या. मला वाटले, आल्या आल्या फीत काढतील. त्यांनी आधी चपला काढल्या आणि चौकात बसून विचारले, “पावसाचं पाणी कुठून जातं?” मग माझ्याशी बोलणे सोडून स्वयंपाकघरात गेल्या. तासभर सौ. आणि धाकट्या वहिनीशी बोलत होत्या. धूर कुठे कोंडतो, रात्री न्हाणीकडे जाताना पाय कुठे घसरतो, पापड कुठे वाळतात. नव्वद वर्षांत या घरात हे प्रश्न कुणी विचारले नव्हते. आजोबांनी नाही, वडिलांनी नाही, मीही नाही.

मग मिस्त्रीला बरोबर घेऊन त्या शिडीवरून माळवदावर चढल्या आणि एका जागी सळई घालून मातीची खोली मोजली. दोन फूट! मूळची वीतभर असेल, बाकीची आमची दरवर्षीची माया. खाली येऊन त्यांनी मला शाळेतल्यासारखा हिशेब करायला लावला. दोन फूट माती म्हणजे चौरस मीटरला साधारण एक टन. ढाळज वीस फूट बाय दहा. म्हणजे डोक्यावर अठरा टनांच्या आसपास. मी इतिहासाचा शिक्षक खरा, पण एवढे गणित मलाही येते.

मी म्हणालो, “म्हणजे पाडायचं?” त्या म्हणाल्या, “नाही सर. पाडायची गरज नाही. पण तुम्ही म्हणता तसं ठेवताही येणार नाही.” सागवान उत्तम आहे, तीन खांबांचे पाय तेवढे कुजलेत, ते बदलू. दक्षिणेची भिंत फुगली आहे, ती उतरवावी लागेल. बाकीच्या भिंतींत ठरावीक अंतरावर आरपार बांध घालू. वरची माती काढून हलके छत करू आणि खांब-तुळयांचे सांधे तिरक्या टेकूंनी आवळू. स्वयंपाकघर आणि न्हाणी मागे विटांची नवीन, त्यांना सिमेंट-लोखंडाचा पट्टा. भिंतींची अंतिम तपासणी त्या स्वतः करणार नव्हत्या. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा हवा, हे त्यांनीच सांगितले. ‘हे मला येत नाही’ असे म्हणणारा तज्ज्ञ मी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

मला राग आला होता, खोटे कशाला सांगू. दक्षिणेची भिंत म्हणजे आईच्या खोलीची भिंत. तिथल्या देवळीत तिचा दिवा असे. ती भिंत उतरवायची, हे एका परक्या बाईने चहा पिता पिता सांगावे? दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि म्हणाला, “सर, बाईंचं खरं हाय. म्या तुम्हाला चार वर्षांपासून सांगीन म्हणत व्हतो. पण तुम्ही सर.” म्हणजे त्याला माहीत होते! मी शिक्षक म्हणून तो बोलला नव्हता. त्या दिवशी मी ठरवले, की ज्या माणसाला मला ‘नाही’ म्हणता येते त्याच्याच हाती घर द्यायचे. आणि बांधायला हाच मिस्त्री, कारण भिंतीला कान लावून ती पोकळ आहे का हे त्यालाच कळते.

नव्या-जुन्या घराच्या कामात पडणाऱ्यांसाठी आमच्या अनुभवाचे चार शब्द. नोंदणी तपासा. नवे बंगले दाखवणाऱ्याला त्याने दुरुस्त केलेले एखादे जुने घर दाखवायला सांगा, आणि तिथल्या घरच्या बायकांना विचारा. फी टक्क्यावर की ठरावीक, ती किती टप्प्यांनी आणि कामावर किती वेळा येणार, हे कागदावर घ्या. घर न पाहता नकाशा देणाऱ्याला नमस्कार करा. आणि हो, घरात मतभेद असतील तर ते आधी मिटवा. आर्किटेक्ट भिंती जोडतो, भाऊ नाही.

काम चौदा महिने चालले. माती काढली तेव्हा सतरा-अठरा ट्रॉल्या निघाली. धाकट्याने ती मिरचीच्या वावरात पसरली. दक्षिणेची भिंत उतरताना आतून फक्त चिपा नि भुसभुशीत माती निघाली. आरपार दगड एकही नव्हता. आईच्या देवळीची दगडी चौकट जपून काढून नव्या भिंतीत त्याच उंचीवर बसवली आहे. चौकातले ऊन आहे तसेच आहे. भांडी घासायला ओटा झाला आहे. मुलांची स्लॅबची हौस मागच्या बाजूला थोडी भागली. मधला भाऊ दिवाळीला चार दिवस राहून गेला. एरवी एक दिवस राहायचा.

शेवटी माझी एक हौस होती. मकबऱ्याच्या दारावर अताउल्ला, रायगडाच्या पायरीवर हिरोजी. मी मिस्त्रीला म्हटले, जोत्याच्या दगडावर बाईंचे आणि तुझे नाव कोरू. तो हसायला लागला. “नाव नका टाकू सर. उद्या कुठं गळालं तर लोक माझ्याच दारात येतील.” बाईंनीही नको म्हटले.

पण त्यावरून एक गोष्ट मनाला लागली. फसली १३४१ ची तुळई नव्वद वर्षांहून जास्त काळ अठरा टन पेलून उभी राहिली. ज्या सुताराने ती चढवली त्याचे नाव तिच्यावर नाही. आईला ते ठाऊक होते. मी लहान असताना तिने दोन-तीनदा सांगितलेही होते, पोळ्याला त्याच्या घरी पुरणपोळी जायची असेही ती म्हणायची. मी पुढे इतिहासात बी.ए. केले, अताउल्लाचे नाव पाठ केले आणि ते नाव लिहून ठेवले नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती. आत्याबाई, सिल्लोडच्या मावशी, जाफराबादची मंडळी, तुमच्यापैकी कुणाला त्या सुताराचे नाव आठवत असेल, कुणाच्या बोलण्यात कधी आले असेल, तर जरूर कळवा. नवरात्रात या. घर पाहायला म्हणून या. खाट पुन्हा ओसरीच्या त्याच कोपऱ्यात टाकली आहे.